तेलातले धातूचे कण कॉइलने पकडायचे कसे? नवीन मंडळींसाठी, टेबलापासून मशीनपर्यंत

हे लिहितोय ते मेंटेनन्सला नव्याने लागलेल्यांसाठी, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधत फिरणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीच्या पोरापोरींसाठी पण. विषय असा की गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक पंप यांच्या तेलात धातूचे बारीक कण येतात, ते तेल वाहत असतानाच, मशीन न थांबवता, कॉइलने मोजायचे. याला इंडक्टिव्ह डेब्री सेन्सर म्हणतात. तयार सेन्सर मिळतात पण खिशाला जड, आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कॉइल गुंडाळून तिचं शून्य आणलंय त्यालाच तयार सेन्सर नीट वापरता येतो, बाकीचे नुसते स्क्रीनवरचे आकडे बघतात आणि अलार्म वाजला की सेन्सरलाच शिव्या घालतात. म्हणून आधी टेबलावर बनवू, मग मशीनकडे जाऊ.

आधी कणांबद्दल थोडं

मशीन चाललं की झिजणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नॉर्मल झिजेचे कण साधारण १०-१५ मायक्रॉनच्या खालचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास म्हणजे किती बारीक ते बघा. पण बेअरिंगच्या ट्रॅकवर किंवा गिअरच्या दातावर मटेरियल थकून पोपडा सुटायला लागला की १०० मायक्रॉन, २०० मायक्रॉन, त्याहून मोठे तुकडे तेलात पडायला लागतात. आपल्याला हवेत ते हे.

आता कोणी म्हणेल आम्ही तेलाचं सॅम्पल लॅबला पाठवतो की. पाठवा, बंद करू नका. पण लॅबचा तो लोखंड इतके पीपीएम, तांबं इतके पीपीएम वाला स्पेक्ट्रोचा रिपोर्ट असतो ना, त्या मशीनला ५ ते १० मायक्रॉनच्या वरचे कण नीट दिसतच नाहीत, त्यामुळे बेअरिंगचे पोपडे सुटत असताना पण रिपोर्ट छान येऊ शकतो. दुसरं म्हणजे आयएसओ ४४०६ चा, म्हणजे तेल किती स्वच्छ ते सांगणारा कोड, तो ४, ६ आणि १४ मायक्रॉनच्या वरचे कण मोजतो पण प्रकाशाने मोजणाऱ्या काउंटरला धूळ काय, पाण्याचा थेंब काय, हवेचा बुडबुडा काय, सगळे सारखेच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ब्रीदरमधून (टाकीची हवा आत-बाहेर जायची वाट) दमट हवा आत जाऊन तेलात पाणी आलं की तो काउंटर काहीही दाखवतो. कॉइलला फक्त धातू दिसतो. पण तिलाही बारीक कण दिसत नाहीत, छोट्या बोअरच्या (आतल्या भोकाच्या) चांगल्या तयार सेन्सरला लोखंडाचा कण ४० मायक्रॉनपासून पुढे आणि तांबं-पितळ-अॅल्युमिनियमचा १३० च्या आसपासपासून पुढे, आणि पाइप जितका मोठा तितकी ही मर्यादा वर जाते. म्हणजे लॅब एक टोक बघते आणि कॉइल दुसरं, दोघांची भांडणं लावू नका.

कॉइल नेमकं काय करते

पाइपभोवती तीन कॉइल. बाहेरच्या दोघींमधून एसी करंट सोडायचा, पण उलट्या दिशेने, म्हणजे दोघींची चुंबकीय क्षेत्रं बरोबर मध्यावर एकमेकांना खाऊन टाकतात. तिथे तिसरी कॉइल बसवायची, तिला काहीच मिळत नाही, शून्य व्होल्ट. आता तेलातून लोखंडाचा कण आला, पहिल्या कॉइलमध्ये शिरला, तिचं क्षेत्र किंचित वाढलं, तोल गेला, मधलीला सिग्नल आला. कण पुढे दुसऱ्या कॉइलमध्ये गेला की तोल उलट्या बाजूला जातो. म्हणून एका कणाचा सिग्नल एक वर आणि एक खाली असा पूर्ण वळसा असतो. तांब्या-पितळेच्या कणात एडी करंट, म्हणजे धातूतल्या धातूत गोल फिरणारे करंट, तयार होतात, ते क्षेत्र कमी करतात, म्हणून त्याचा वळसा आधी खाली मग वर. वळसा कुठून सुरू झाला यावरून धातूचा प्रकार कळला, किती उंच आहे यावरून साइज कळली. कॅनडातल्या गॅसटॉप्सचा मेटलस्कॅन सेन्सर याच तीन कॉइलच्या तत्त्वावर चालतो.

लोखंडाच्या कणाचा सिग्नल त्याच्या वस्तुमानाप्रमाणे, म्हणजे व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. १०० मायक्रॉनच्या स्टीलच्या गोळीचं वजन साधारण ४ मायक्रोग्रॅम, २०० च्या गोळीचं ३३. व्यास दुप्पट, सिग्नल आठपट. आणि उलट बाजूने, अर्ध्या व्यासाचा कण पकडायचा तर सेन्सर आठपट चांगला पाहिजे, हे लक्षात ठेवा म्हणजे प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर "१० मायक्रॉनपर्यंत डिटेक्शन" असं लिहून सर लोकांसमोर अडकणार नाही.

पायरी १: सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, रविवार सोडून, रविवारी बहुतेक दुकानं बंद. तिथे मिळेल: ३६ नंबरची इनॅमल वाइंडिंग वायर (नंबर म्हणजे एसडब्ल्यूजी, ३६ म्हणजे जवळपास ०.१९ मिमी, दुकानदार वजनावर देतो, छोटं रीळ खूप झालं), एडी६२० अॅम्प्लिफायर, सीडी४०५३ अॅनालॉग स्विच, साधा ऑप-अॅम्प, एडीएस१११५ मॉड्यूल (एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा), एक आर्डुइनो, मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने बारीक बदलता येणारा रेझिस्टर). फंक्शन जनरेटर आणि स्कोप कॉलेजच्या लॅबमध्ये असतोच, फॅक्टरीत असाल तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला चहा पाजा. मग तसंच मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटला, तिथे ६ मिमी बाहेरून आणि ४ मिमी आतून अशी नायलॉनची ट्यूब, तिचे पुश फिटिंग, आणि जमलं तर अर्धा आणि एक मिमीच्या स्टीलच्या गोळ्या. नायलॉन मुद्दाम सांगतोय, तांब्याची किंवा स्टीलची ट्यूब घेतली तर तिच्यातच एडी करंट फिरतील आणि आतला कण दिसायचाच नाही. आणि जवळच्या मासे पकडायच्या सामानाच्या दुकानातून थोडा बारीक तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, घ्या. तो कशाला ते पुढे सांगतो, सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे.

पायरी २: वाइंडिंग

ट्यूबवर बसेल असा एक बॉबिन करा, थ्रीडी प्रिंट किंवा लेथवर नायलॉन नाहीतर डेलरिनचा. तीन खाचा, प्रत्येक ३ मिमी रुंद, मध्ये दोन-अडीच मिमीची भिंत. प्रत्येक खाचेत १०० फेरे. ०.१९ ची वायर इनॅमलसकट धरली तर एका थरात चौदाएक फेरे बसतात, म्हणजे सात थर होतील, आणि इंडक्टन्स साधारण ७० मायक्रोहेन्रीच्या घरात येईल. एलसीआर मीटर असेल तर बाहेरच्या दोन कॉइल मोजा, त्यांच्यात फरक दोन-चार टक्क्यांच्या वर असेल तर एक परत गुंडाळा, आळस करू नका.

बाहेरच्या दोन्ही एकाच सलग वायरने गुंडाळायच्या, पहिली झाली की वायर न तोडता भिंतीवरून पलीकडे न्यायची आणि दिशा उलटी करायची. सोल्डरचा एक जोड वाचतो आणि करंट दोघींत आपोआप सारखाच जातो. प्रत्येक थरानंतर वार्निशचा किंवा पातळ इपॉक्सीचा हात मारा, फक्त बाहेरच्या एका कॉइलचे शेवटचे दोन-तीन फेरे सोडून, ते पुढे शून्य आणताना सरकवायचेत. फेरे सैल राहिले तर कॉइल मायक्रोफोनसारखी वागते, टेबलावर कोणी पेन ठेवला तरी पल्स येतो, आणि मशीनवर तर धिंगाणाच. हे मी जरा जास्तच ताणून सांगतोय कारण पहिल्यांदा बनवणारे सगळे सर्किटवर महिने घालवतात आणि वाइंडिंग जेवणाच्या सुट्टीत उरकतात.

पायरी ३: शून्य

सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे सावकाश.

जरा हिशेब करू. ४ मिमीच्या ट्यूबवरच्या आपल्या या कॉइलमध्ये १०० मायक्रॉनचा लोखंडी कण आला तर इंडक्टन्स किती बदलतो? ढोबळ हिशेबाने दहा लाखात दहाच्या आसपास भाग. आता दुसरा आकडा बघा: तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स एक डिग्री तापमानाला ०.३९ टक्के बदलतो, म्हणजे दहा लाखात ३९०० भाग. मुंबईत सकाळी लॅब उघडली तेव्हा २७ डिग्री, दुपारी ३३, एसी लावला की परत २५. एकच कॉइल लावून थेट इंडक्टन्स मोजायला गेलात तर दिवसभर हवामान मोजत बसाल, कण नाही. दोन कॉइल एकमेकींविरुद्ध लावल्या की दोघी सारख्याच तापतात आणि तो बदल बराचसा कटतो. त्यासाठीच दोघी सारख्या पाहिजेत, एकाच बॉबिनवर, एकाच रिळातल्या वायरच्या.

जनरेटरवर १०० किलोहर्ट्झची साइन लावा, बाहेरच्या कॉइलना द्या, मधली कॉइल थेट स्कोपवर. काही मिलिव्होल्ट तरी दिसतीलच. आता बाहेरच्या एका कॉइलचे दोन-तीन शेवटचे फेरे किंचित सरकवा, नखाने, अगदी हळू. व्होल्टेज कमी होत जाईल, एका जागी सगळ्यात कमी होईल, पुढे सरकवलं की परत वाढेल. त्या सगळ्यात कमीवर इपॉक्सीचा ठिपका टाका आणि चोवीस तास हात लावू नका. पूर्ण शून्य कधीच येत नाही, नव्वद डिग्री फेजचा थोडा भाग शिल्लक राहतोच, तो प्रीसेटने बाहेरच्या एका कॉइलला समांतर थोडा रेझिस्टन्स देऊन आणखी खाली आणता येतो. चांगलं शून्य म्हणजे काय? स्कोपवर जे उरलंय ते तासभर एका जागी थांबलं पाहिजे. थोडं जास्त उरलं तरी चालेल, पण हलता कामा नये.

वाटलं तर याच वेळी कॉइलवर अॅल्युमिनियमची छोटी डबी शील्ड म्हणून बसवा, कॉइलपासून निदान बोटभर लांब, एका टोकाला अर्थ. जवळ बसवली तर तिच्यातच एडी करंट फिरतात आणि आणलेलं शून्य पार जातं, मग परत नख.

पायरी ४: सर्किट

मधली कॉइल एडी६२० ला. गेन १० ठेवा, १०० नको, कारण १०० च्या गेनला त्याची बँडविड्थ १२० किलोहर्ट्झपर्यंतच आहे आणि आपण १०० वर चालतोय, म्हणजे काठावर, फेज पार बिघडते. १० ला तो ८०० किलोहर्ट्झपर्यंत जातो, निवांत. कॉइलचं एक टोक रेझिस्टरने ग्राउंडला जोडायला विसरू नका नाहीतर आउटपुट जाऊन एका रेलला (सप्लायच्या प्लस किंवा मायनस टोकाला) चिकटेल.

पुढे सीडी४०५३. जनरेटरच्या मागे सिंक नावाचं टीटीएल आउटपुट असतं, त्याने हा स्विच चालवायचा, म्हणजे सिग्नल त्याच १०० किलोहर्ट्झच्या तालावर सुलट-उलट होतो आणि जे त्या तालात नाही ते सगळं सरासरीत शून्य होतं. ५० हर्ट्झचा हम, ट्यूबलाइटचा चोक, शेजारच्या लिफ्टची मोटर, सगळं गायब. लॉक-इन म्हणतात ते हेच, फक्त गरिबाचं. त्यानंतर १५ के आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर, कटऑफ १०० हर्ट्झच्या आसपास, मग कपॅसिटरमधून ऑप-अॅम्पला १०० चा गेन, आणि एडीएस१११५. तो सेकंदाला ८६० सॅम्पल घेतो, टेबलावरच्या हळू फ्लोला पुरतात.

कोणी विचारेल १०० किलोहर्ट्झच का. लो फ्रिक्वेन्सीला एडी करंट तोकडे पडतात. १०० किलोहर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ (करंट धातूत किती खोल शिरतो ते) जवळपास ०.२ मिमी, म्हणजे त्याहून लहान तांब्याच्या कणात एडी करंट जेमतेम, त्यामुळे तांबं दिसायला नेहमी मोठा कण लागतो. १ मेगाहर्ट्झला ती ६६ मायक्रॉनवर येते, तांबं चांगलं दिसतं, पण मग लोखंडाच्या कणातही एडी करंट जोर धरतात, त्याचा वाढवणारा परिणाम खायला लागतात आणि लोखंड की तांबं हे ओळखणं अवघड होत जातं. १०० हा शिकायला बरा मधला मार्ग. पुढे दोन फ्रिक्वेन्सी लावा, पण आज नको.

मोबाइलच्या चार्जरवर सगळं चालवू पाहणाऱ्यांना नमस्कार, इथे प्लस-मायनस सप्लाय आणि तोही लिनिअर लागतो.

पायरी ५: तंगूस टेस्ट

आता ती वस्तू. थेट तेलात कण टाकून बघायची घाई सगळ्यांना असते आणि मग पल्स आला तर तो कणाचा की टेबलाला धक्का लागल्याचा, काही कळत नाही. त्यापेक्षा तंगूसाचा हातभर तुकडा घ्या, त्याच्या मध्यावर इन्स्टंट ग्लूचा सुईच्या टोकाएवढा ठिपका, त्यावर अर्ध्या मिमीची स्टीलची गोळी. गोळी चिमट्याने उचलायला जाल तर चिमटाच मॅग्नेट झालेला असतो आणि गोळी सुटत नाही, म्हणून टूथपिकचं टोक जिभेला लावून उचला, जुना घड्याळवाला करतो तसं. वाळू द्या. मग रिकाम्या ट्यूबमधून तंगूस ओवा, दोन्ही टोकं धरा आणि हळू ओढा.

स्क्रीनवर वर-खाली असा गुळगुळीत वळसा दिसला पाहिजे. परत उलटा ओढा, वळसा उलटा दिसला पाहिजे. आता गोळीशिवायचा, फक्त ग्लू लावलेला तंगूस ओढा, काहीच दिसता कामा नये, दिसलं तर ग्लूला धातूचा कीस चिकटलाय किंवा तुमच्या हातातली अंगठी, घड्याळ कॉइलजवळ जातंय. घड्याळ काढा, खरंच.

मग तांबं. २५ नंबरच्या वायरचा, म्हणजे अर्ध्या मिमीच्या, इनॅमल खरवडून अर्धा मिमी लांब तुकडा कापा आणि तसाच चिकटवा. सिग्नल लहान येईल आणि उलट सुरू होईल. दोघांची सुरुवात एकाच बाजूने येत असेल तर सिंकची फेज चुकलीय, जनरेटरवर फेज फिरवा, नसेल तर सिंकच्या वाटेत एक आरसी टाकून थोडी सरकवा. ही फेज इथेच, ओळखीच्या तुकड्यांवर पक्की करायची, कारण तेलात गेल्यावर कुठला कण कशाचा हे सांगायला कोणी येणार नाही.

त्यानंतर लहान कण. फाइलने लोखंड घासून कीस करा, १०० मेश आणि २०० मेशच्या चाळण्यांतून काढा, १०० मेश म्हणजे १५० मायक्रॉन आणि २०० मेश म्हणजे ७५. दोघींच्या मध्ये जे अडकलं ते ७५ ते १५० मधलं. एक एक कण भिंगाखाली चिकटवून ओढत जा आणि सिग्नल नॉइजच्या तीनपट राहतो तिथपर्यंत खाली या. ती तुमच्या सेन्सरची खरी मर्यादा, रिपोर्टमध्ये तीच लिहा. हाताने गुंडाळलेल्या कॉइलवर पहिल्याच फेरीत २०० मायक्रॉनपर्यंत आलात तर मी म्हणेन मस्त जमलंय.

पायरी ६: तेल

३२ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल घ्या, गिअरचं ३२० ग्रेडचं नको, ते गुरुत्वाने या ट्यूबमधून सरकायचंच नाही. डबा टेबलापासून अर्धा मीटर वर, खाली ट्यूब, कॉक, सेन्सर उभा, खाली बादली. मोटरचा पंप सध्या नको, त्याची कंपनं आणि त्याचा आवाज दोन्ही त्रास देतात. कॉक अॅडजस्ट करून मिनिटाला १०० मिली ठेवा, ४ मिमीच्या बोअरमध्ये तो सेकंदाला १३ सेंमी वेग होतो, कण १० मिमीचा टप्पा ७५ मिलिसेकंदात पार करतो. मशीनवर हाच फ्लो मिनिटाला २ लिटर असला तर तो वेळ ४ मिलिसेकंदांच्या खाली जातो, म्हणजे तुमचा १०० हर्ट्झचा फिल्टर तो पल्स खाऊन टाकेल आणि एडीएस१११५ ला तीन सॅम्पल मिळतील. मशीनवर जाताना फिल्टर आणि एडीसी दोन्ही बदलायला लागतात, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

कण डब्यात टाकून मोकळे होऊ नका, स्टील तळाला बसतं. १०० मायक्रॉनचा कण या तेलात सेकंदाला जवळपास १ मिमी खाली जातो, ३०० चा ८ मिमी. सिरिंजने थेट ट्यूबच्या तोंडाशी, मोजून, एक-एक सोडा. दहा सोडले तर दहा मोजले गेले पाहिजेत. नऊ आले तर दोन कण जोडीने गेले असतील, कॉइलला ते एकच मोठा कण वाटतात. म्हणून गर्दीच्या तेलात मोजणी कमी आणि साइज जास्त दिसते, हा दोष तयार सेन्सरमध्ये पण असतो.

पायरी ७: मशीनवर कुठे बसवायचा

पहिला प्रश्न, मशीनला तेलाची लाइन आहे का? आपल्याकडच्या एमआयडीसीत बघाल तर निम्मे गिअरबॉक्स स्प्लॅशवाले, खाली तेल भरलेलं आणि गिअर त्यात बुडून फिरतोय, पाइप नाहीच. तिथे इनलाइन सेन्सर बसवायचा कुठे? बाहेरून छोटा पंप आणि फिल्टरची लूप लावली तर त्यात बसतो, नाहीतर ड्रेन प्लगच्या जागी मॅग्नेटिक प्लग बसवा आणि दर पंधरवड्याला काढून बघा, स्वस्तात मस्त. स्क्रू कॉम्प्रेसर, इंजेक्शन मोल्डिंग मशीनची हायड्रॉलिक, मोठे फोर्स्ड लुब्रिकेशनवाले गिअरबॉक्स, हे खरे उमेदवार.

जागा: बेअरिंग आणि गिअरनंतर, फिल्टरच्या आधी. फिल्टरच्या पुढे बसवलात तर कायम शून्य दाखवेल आणि साहेब खूश होतील. रिटर्न लाइन बरी, टाकीत जाऊन तेल स्थिरावण्याआधी, पाइप उभा असेल तर उत्तम, कारण आडव्या पाइपच्या खोलगट जागी कण बसून राहतात आणि मशीन परत चालू झालं की एकदम लोंढा येतो. घरी बनवलेला नायलॉनचा सेन्सर प्रेशर लाइनवर लावायचा नाही, हे विनोदाने सांगत नाहीये, गरम तेल दाबाखाली फुटलं तर डोळे जातात. मशीनवर तयार, दाब आणि तापमानाचं रेटिंग असलेला सेन्सरच लावा, तुमचा स्वतःचा टेबलावर आणि फार तर बिनदाबाच्या बायपास रिटर्नवर, तेही प्लांटच्या माणसाला विचारून.

व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून सेन्सरची केबल लांब, शील्डेड, शील्ड एकाच टोकाला अर्थ. पाइपला दोन्ही बाजूंनी क्लँप. कंपन जास्त असेल तर मध्ये फ्लेक्सिबल होजचा तुकडा. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा, "दादा, इथे शेजारी वेल्डिंगची अर्थ पकडायची नाही," कारण तो पकडणारच.

पायरी ८: आकडे कसे वाचायचे

इथे परत शून्याचाच प्रश्न, या वेळी मशीनचं शून्य. "किती कण म्हणजे खराब?" हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि याचं एक उत्तर नाही. नवा गिअरबॉक्स सुरुवातीला भरपूर कण टाकतो, दात एकमेकांना बसत असतात. पाइपलाइनचं काम झालं की वेल्डिंगचे मणी आणि मिल स्केल (नव्या स्टीलवरचा काळा थर) येतात, तेल किंवा फिल्टर बदलला की खालचा गाळ हलतो. हे सगळं संपून मोजणी सपाट झाली की मग काही आठवडे, कमी लोड, पूर्ण लोड, दोन्ही शिफ्ट, असं चालवून तासाला किती कण येतात ते नोंदवा. ती तुमची बेसलाइन. शेजारच्या प्लांटची उसनी आणू नका.

मग दोन गोष्टी बघायच्या: तासाची गती आणि एकूण बेरीज. गती एक दिवस वाढून खाली आली तर नोंद करा आणि पुढे चला. पण बेरजेची रेघ सरळ होती ती वाकून वर चढायला लागली, आणि सोबत मोठ्या साइजच्या खान्यातले कण वाढले, तर कुठेतरी पोपडा सुटतोय. पोपडा सुटायला लागलेलं बेअरिंग तेवढ्यात बंद पडत नाही, बऱ्याचदा सुट्टा भाग मागवून शटडाउन ठरवायला वेळ मिळतो, आणि या सेन्सरचा सगळा पैसा त्या वेळेतच वसूल होतो.

धातूचा प्रकार पण बोलतो. वर्म गिअरबॉक्समध्ये चाक फॉस्फर ब्राँझचं असतं, तिथे लोखंड नसलेले कण येणं नॉर्मल, त्यावर अलार्म लावाल तर रोज वाजेल. साध्या बेअरिंग-गिअरच्या डब्यात मात्र अचानक तसले कण दिसायला लागले तर बेअरिंगच्या पितळी केजवर (गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा) शंका घ्या, आणि व्हाइट मेटलचं बुश असेल तर त्यावर. नॉन-मॅग्नेटिक स्टेनलेसचा तुकडा पण याच खान्यात जातो, त्यामुळे मशीनमध्ये कुठे कुठला धातू आहे याची यादी सेन्सरच्या डब्यावरच चिकटवा. गंज वेगळा विषय: लाल गंज चुंबकाला जवळपास दाद देत नाही म्हणून कॉइलला फारसा दिसत नाही, पण काळा गंज आणि मिल स्केल दिसतात, त्यामुळे पावसाळ्यानंतर लोखंडाचे कण वाढले तर बेअरिंग काढायच्या आधी टाकीचं झाकण उघडून आतून बघा.

अलार्म आला की लगेच मशीन खोलायचं नाही. वायब्रेशनचं रीडिंग घ्या, तेलाचं सॅम्पल काढा, आणि जुना फिल्टर मशीनवरून काढून कापा. पाना-करवतीने कापू नका, त्याचाच कीस आत पडतो, फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या पांढऱ्या ताटात केरोसिनने धुवा, ताटाखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मॅग्नेट फिरवा, जे हलतं ते लोखंड, जे जागेवर चमकत राहतं ते पितळ किंवा अॅल्युमिनियम. भिंगाखाली चपटे, एका बाजूने चकचकीत पापुद्रे असले तर थकव्याचे पोपडे. लेथच्या बुरासारखे वळलेले कुरळे तुकडे असले तर काहीतरी कापतंय, बहुतेक तेलात वाळू आलीय किंवा अलाइनमेंट गेलंय. नुसते गोल मणी दिसले तर आधी विचारा की कोणी हल्ली जवळ वेल्डिंग केलं का, "नाही" असं उत्तर आलं तरी पाइपवरचा काळा डाग स्वतः जाऊन बघा. ते कण पारदर्शक सेलोटेपवर उचला, वहीत चिकटवा, शेजारी तारीख, मशीनचे तास आणि त्या दिवशीची सेन्सरची मोजणी लिहा. पुढच्या अलार्मला ती वही आधी उघडा, लॅपटॉप नंतर.